पिवळं इमान

मी विमान बोलतोय. म्हणून लगेच आभाळाकडे पाहू नका. मी जमिनीवर जन्मलो आणि जमिनीवरच राहिलो. हातभर लांबीचा, प्लॅस्टिकचा, खऱ्या लढाऊ विमानाची हुबेहूब नक्कल, एवढीच माझी ओळख. माझी भावंडं शहरांत काचेच्या कपाटात सुखानं दिवस काढतात. माझ्या वाट्याला बीड जिल्ह्यातलं एक कोरडं गाव आलं, दोन भली माणसं आली आणि एक लाज आली. ती लाज माझ्या अंगावर आहे. पण आधी ती मला रंगवणाऱ्याची आहे. त्याचं नाव बिभीषण.

जन्मलो तेव्हा मी विमान नव्हतोच. चपट्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले करडे तुकडे होतो मी. कुठे पंख, कुठे शेपूट, कुठे कोटाच्या गुंडीएवढी चाकं. खोक्यावर मात्र माझं पुढचं रूप छापलेलं होतं: गोल नाक, मागे झुकलेले पंख, नाकाखाली चार तोफांची तोंडं. नाव हंटर. पुण्यातल्या एका दुकानातून मला सिंधूनं विकत घेतलं. सिंधू तिथे दवाखान्यात नर्स आहे. तिचे वडील आश्रुबा हवाईदलात फिटर होते, आणि एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानातल्या तळावर अशाच विमानांची देखभाल करत होते.

गावात त्यांना आश्रुबा फौजी म्हणत. कुणी म्हणे, फौजी इमान चालवायचे. कुणी म्हणे, चालवायचे कसले, धुवायचे! आश्रुबा दोघांनाही दुरुस्त करायला जात नसत.

सिंधूनं खोकं आश्रुबांच्या मांडीवर ठेवलं तेव्हा ते त्या चित्राकडे पाहत राहिले. मग एक पंख सोडवायला गेले. पण त्यांचा हात कापायचा. पंख निसटून अंगणात पडला.

"ऱ्हाऊ द्या. मोडन ते," त्यांची बायको चतुराबाई म्हणाली.

"मोडन म्हनूनच म्या करत न्हाई. ज्याचा हात धड हाय त्याच्याकडं देतो."

तो धड हात बिभीषणाचा. स्टँडवर त्याचं पत्र्याचं दुकान होतं. एकेकाळी ट्रकच्या पाठीवरचे मोर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, किराण्याच्या दुकानांच्या पाट्या, सगळं त्याच्याच हातचं. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळून गेले. सूतगिरणीत कधी दारं, कधी मशिनं रंगवायचं रोजंदारीचं काम निघायचं, तेवढंच. बाकी दिवस तो स्वतःच्याच दुकानाची पाटी पुन्हा पुन्हा रंगवत बसे.

आश्रुबांनी खोकं त्याच्या टेबलावर ठेवलं. "बिभीषणा, हे माझं इमान. जोड आन रंगव. घाई न्हाई."

"काका, असलं काम म्या कदी केलं न्हाई."

"म्या तरी कुठं केलं? तू कर, म्या बसतो तुझ्यापाशी."

आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात. सचोटीलाही इमानच म्हणतात. त्या दिवशी हे कुणाच्याच मनात आलं नाही.

गावाला प्यायला पाणी नव्हतं, त्या उन्हाळ्यात मी घडलो. सकाळी टँकरच्या वाटेवर ड्रमांची रांग लागे. बिभीषणाची बायको सत्यभामा त्या रांगेत असे, आणि बिभीषण पॉलिश पेपरनं माझ्या पंखांची जोड घासत बसे. वीज आली की तो धावत रंग फवारायचा कॉम्प्रेसर चालू करी. आधी प्रायमर, मग करडा, मग हिरवा. हवाईदलाच्या खुणेची तीन रंगांची वर्तुळं खोक्यात कागदावर छापून आली होती, ती पाण्यात भिजवून अंगावर चिकटवायची होती. सत्यभामेनं वाटीभर पाणी आणून ठेवलं आणि म्हणाली, "काम झालं की फेकू नका. झाडाला घालते." माझ्यासाठी वापरलेलं ते वाटीभर पाणी मला त्या वेळी काही वाटलं नाही. आता वाटतं.

रंग पूर्ण झाला तेव्हा मी असा काही चमकत होतो की स्टँडवरचे लोक आत डोकावून जात. बिभीषणानं मला दोन्ही हातांनी उचलून आश्रुबांसमोर धरलं.

आश्रुबा हळूच म्हणाले, "छान हाय. पन ही नवरी झाली रे. लढाईतलं इमान असं असतंय व्हय?"

"मग कसं असतंय?"

मग ते सांगू लागले. तोफा झाडल्या की नाकाखाली काजळी धरते. पोटाखाली तेलाचे ओघळ येतात, आणि ते मागच्या दिशेनेच जातात, वारा नेतो तसे. पंखाच्या मुळाशी फिटर बूट घालून चढायचे, तिथला रंग खरवडून खालचा पत्रा दिसायचा. आणि धूळ. धूळ तर सगळीकडे, चाकांच्या खोबणीत, सांध्यासांध्यात.

बिभीषणाच्या जिवावर आलं. "काका, जलमभर म्या जुनं नवं केलं. तुमी नवं जुनं करायला लावता."

"जुनं न्हाई म्हनलं म्या. वापरलेलं."

त्यानं चुलीतला कोळसा कुटून काजळी केली. स्पंजच्या तुकड्यानं पंखाच्या मुळाशी चांदीचा रंग टिपला. काळ्या-तपकिरी रंगात थिनर घालून एका केसाच्या ब्रशनं ओघळ सोडले. सत्यभामेच्या जुन्या लुगड्यातून अंगणातली धूळ चाळून घेतली. त्या वर्षी धुळीला काय तोटा! मी रोज थोडा थोडा मळत गेलो आणि रोज थोडा थोडा खरा होत गेलो.

शेवटी आश्रुबांनी माझ्या उजव्या पंखावर बोट ठेवलं. "इथं एक ठिगळ दे. हिरवंच, पन जरा येगळं हिरवं."

"कावून?"

"तिथं गोळी लागलती. इमान परत आलं तर पंखाला आरपार भोक. म्या पत्रा कापून ठिगळ मारलं. जवळ होता त्यो रंग लावला. दुसऱ्या रोजी इमान चालवनारा सायेब तेच घेऊन गेला आन धड परत आला. खाली उतरला, त्या ठिगळावर हात फिरवला, आन इचारलं, कुणी केलं? म्या म्होरं झालो. तर त्यानं माझा हात हातात घेतला अन् दाबला. माझा हात तेलानं भरलेला." आश्रुबा थांबले. "तवर कुन्या मोठ्या मानसानं माझा हात हातात घेतला नव्हता, बिभीषणा. गावात तर न्हाईच न्हाई."

बिभीषणानं त्या ठिगळाला दोन दिवस लावले. रंग जुळू नये आणि तरी उठून दिसू नये, अशी ती कसरत होती. झाल्यावर आश्रुबांनी कापत्या बोटानं त्याला हात लावला आणि मान डोलावली.

मग सिंधू त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला घेऊन गेली. जाताना ते दुकानात आले. "इमान तुझ्याकडं ठिवून चाललो. आल्यावर नेतो."

"बिनघोर जा, काका."

ते गेले आणि सूतगिरणीची निवडणूक लागली. सहकारातली निवडणूक म्हणजे आमच्याकडे लग्नसराईच. कापूस नाही, पाणी नाही, गिरणीची निम्मी मशिनं बंद. पण पॅनेलं दोन उभी राहिली. गावचे पुढारी बद्रीनाथ आबा यांच्या पॅनेलला चिन्ह मिळालं विमान. आणि आबा स्टँडवर चहा प्यायला थांबले असताना त्यांची नजर माझ्यावर पडली.

"आयला! हे तर आपलं चिन्ह! बिभीषण, हे जिपीवर बांधायचं."

"आबा, हे माझं न्हाई. आश्रुबा फौजींचं हाय."

"आश्रुबाला म्या सांगतो की. आपल्या शब्दाभाईर हाय का त्यो? आठ रोजाचा तर सवाल." आबांनी मला उचलून उलटंपालटं केलं. "पन हे असं कळकट कावून? भंगारातून काढल्यावानी. लोक म्हनतील, पॅनेलचं इमान आदीच खटारा! मस्त पिवळं करून टाक. लांबून दिसलं पायजे."

बिभीषण खाली पाहत राहिला. आबांना माणसं ओळखता येत. ते जवळ सरकले. "किती वर्सं रोजंदारीवर मरशील, बे? आपलं पॅनेल आलं की तुला कायम करतो. गिरणीचा पेंटर. शब्द हाय माझा."

ते निघून गेले. बिभीषणानं दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं. फोन त्याच्या खिशात होता. सिंधूचा नंबर त्याला माहीत होता. त्यानं फोन काढला, हातात धरला, आणि परत ठेवला. विचारलं तर आश्रुबा नाही म्हणतील अशी भीती त्याला नव्हती. ते हो म्हणतील, आणि कशा आवाजात म्हणतील, याची त्याला भीती होती. असं मला वाटतं.

त्यानं स्प्रे गनमध्ये गाडीचा पिवळा रंग भरला. आधी नाकाखालची काजळी गेली. मग तेलाचे ओघळ गेले, बुटांच्या खुणा गेल्या. ठिगळापाशी त्याचा हात थबकला. त्यानं गन खाली ठेवली, पाणी प्यायला उठला, परत आला आणि डोळे बारीक करून ते झाकून टाकलं. वर लाल अक्षरांत पॅनेलचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. इतक्या सुंदर अक्षराची लाज वाटावी, हे मी त्या दिवशी शिकलो.

मला जिपीच्या बॉनेटवर तारेनं बांधलं. गळ्यात झेंडूची माळ घातली. तार सैल झाली तर बघायला म्हणून बिभीषणाला ड्रायव्हरशेजारी बसवलं. भोंग्यातून आबांचा माणूस ओरडत होता, "ज्या इमानानं दुश्मनाला पाणी पाजलं, तेच इमान आता गावाला पाणी पाजनार!"

जीप टँकरच्या रांगेपाशी आली. बायका उन्हात ड्रमांना टेकून उभ्या होत्या. टँकरचा पत्ता नव्हता. सरूबाई नावाची एक म्हातारी रांगेतून पुढे आली. तिनं आपली रिकामी घागर माझ्या नाकाखाली धरली.

"पाजतंय म्हनं न्हवं? वत की मग, वत!"

रांग खदखदून हसली. घागर माझ्या नाकाला लागून वाजली. भोंगा क्षणभर थांबला. बिभीषणानं टोपी डोळ्यांवर ओढली. सत्यभामा त्याच रांगेत होती. ती हसली नाही.

तेवढ्यात एसटी आली आणि तिच्यातून आश्रुबा उतरले. डोळ्यांवर काळा चष्मा, काखेत पिशवी. ते जिपीजवळ आले. माझ्यासमोर उभे राहिले. चष्म्याच्या काळ्या काचेत मला माझं पिवळं तोंड दिसलं.

"बिभीषणा," ते म्हणाले, "हे कुठून आनलं? अक्षी आपल्या इमानावानी हाय."

बिभीषण खाली उतरला. चारचौघं पाहत होते. आबांचा माणूसही पाहत होता.

"हे... हे पॅनेलवाल्यांनी आनलं, काका. बाजारातून."

"आन आपलं?"

"आपलं दुकानात हाय. वाळायला ठिवलंय."

"बरं, बरं." आश्रुबांनी मान डोलावली. "वाळू दे. घाई न्हाई." आणि ते पिशवी सावरत घराकडे गेले.

मला रांगेतल्या बायका हसल्या, त्याचं मला काही नव्हतं. पण ज्यानं मला घडवलं त्यानंच, ज्याच्यासाठी घडवलं त्याच्या तोंडावर, हा तो नव्हे असं सांगितलं. माझ्याखाली जमीन असती तर तिच्यात शिरलो असतो. मी बॉनेटला बांधलेला होतो.

पॅनेल निवडून आलं. आबा शब्दाचे पक्के निघाले; बिभीषण गिरणीत कायम झाला. माळ वाळून गेल्यावर कुणीतरी मला त्याच्या हवाली केलं. त्याच संध्याकाळी त्यानं थिनरमध्ये फडकं बुडवून माझ्या डाव्या पंखावर घासलं. पिवळा निघाला, खालचा हिरवा निघाला, आणि त्याखालचं प्लॅस्टिकही मऊ पडून खड्डे झाले. तो "अरे, अरे" म्हणत राहिला. मग मला फडक्यात गुंडाळून डब्यांच्या मागे ठेवून दिलं.

आता आश्रुबा मागायला येतील, या धास्तीत तो दिवस काढू लागला. पण आश्रुबा आलेच नाहीत. वाटेत भेटले तर विचारायचे, "काय बिभीषणा, बरं हाय नव्हं? गिरणीत कसं काय?" माझ्याबद्दल एक अक्षर नाही. बिभीषण आश्रुबांच्या घरावरून जाणारी विहाराकडची वाट सोडून लांबच्या वाटेनं गिरणीत जाऊ लागला.

एकदा जेवताना तो सत्यभामेला म्हणाला, "काका इमानाचं इसरले बहुतेक. वय झालं."

सत्यभामेनं भाकरी ताटात टाकली. "इसरले न्हाईत. तुमाला लाज वाटू नये म्हनून इचारत न्हाईत."

तो ताट सारून उठला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला फडक्यासकट उचललं आणि आश्रुबांच्या घरी नेलं. आश्रुबा खाटेवर बसले होते. त्यानं मला त्यांच्या पायाशी ठेवलं आणि फडकं सोडलं.

"म्हाईत हाय," आश्रुबा म्हणाले.

"कवापासनं?"

"एष्टीतून उतरलो तवापासनं. आपरेशन डोळा बरा करायला केलतं बे, आंधळा करायला न्हाई. माझं लेकरू पिवळ्या कपड्यात आलं तर म्या वळखनार न्हाई का?"

"मग तवाच बोलला का न्हाई, काका? चार जोडे मारायचे."

"म्या मुद्दाम इचारलं. म्हनलं, सांगन हे. तू न्हाई सांगितलंस. मग चार मानसात तुला खोटं पाडू? तुझी बायको रांगेत हुभी."

बिभीषण जमिनीवर बसला. गुडघ्यात डोकं घालून रडला. आश्रुबांनी त्याला रडू दिलं. चतुराबाई दारात आली, पाहिलं, आणि आत गेली.

"नोकरी सोडतो, काका," तो शेवटी म्हणाला.

"आन खाशील काय? धूळ? नोकरी कर. पन हे पिवळं काढायला पायजे. माझा हात कापतो. तू येत जा इथं. माझ्यासमोर बसून काढ."

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

तेव्हापासून गिरणी सुटली की बिभीषण येतो. थिनर वापरत नाही. ओल्या पॉलिश पेपरच्या चिमूटभर तुकड्यानं पिवळा रंग हळूहळू घासतो. कधी खालचा हिरवा सापडतो, कधी तोही निघून जातो. कधी चार-चार दिवस येत नाही. मग आश्रुबा नुसतं दाराकडे पाहतात. बोलणं फारसं होत नाही. येणारे-जाणारे मला पाहून विचारतात, "फौजी, इमानाला काय झालं हो?" आश्रुबा चटकन म्हणतात, "काय न्हाई. रंगकाम चालू हाय." बिभीषणाची मान आणखी खाली जाते.

यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला आश्रुबांचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. सिंधूही आली होती. तिनं मला फळीवरून उचललं. एक पंख खड्ड्यांचा, दुसरा पिवळा, शेपटीवर लाल अक्षरांचं अर्धं नाव. तिचा चेहरा उतरला. "अण्णा, हे काय झालं? म्या असं दिलतं का?"

"काय न्हाई गं, रंगकाम चालू..."

"न्हाई, सिंधूताई."

बिभीषण कोपऱ्यात खिरीची वाटी घेऊन बसला होता. वाटी खाली ठेवून तो उभा राहिला. 

"काकांना न इचारता म्या ह्याला पिवळं केलं. नोकरीपायी. जिपीवर बांधलं. आन काकांनी तोंडावर इचारलं तर म्हनलं, हे ते न्हवंच. रंगकाम-बिंगकाम काय न्हाई. हे म्या केलंय."

कुणीतरी खोकलं. आश्रुबा छपराकडे पाहत होते. सिंधूनं बिभीषणाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो तिनं लपवला नाही. मग तिनं मला जपून फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "खीर गार व्हायली. खाऊन घ्या."

त्याला ती खाववली नाही. पण तो उठून गेलाही नाही. पाहुणे पांगेपर्यंत तिथेच बसून राहिला.

तर असा मी. अजून निम्मा पिवळा आहे. पूर्वीसारखा होणार नाही, हे मलाही कळतं आणि बिभीषणालाही. कधी आमच्या गावाकडे आलात तर घरात या, मला हातात घ्या. डावा पंख मात्र जरा सांभाळून धरा. आणि मला हे काय झालं असं विचारावंसं वाटलं, तर आश्रुबांना विचारू नका. ते अजूनही खोटंच सांगतील. बिभीषणाला विचारा.